बैलाची अन्ननलिका, गव्हाची खळ आणि कोळंबीचं टरफल

१८३६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या जॉन फ्रेडरिक डॅनियलला एक नवी बॅटरी करायची होती आणि त्यासाठी त्याला बैलाची अन्ननलिका लागली.

रचना अशी होती: तांब्याचं भांडं, त्यात मोरचुदाचं द्रावण. त्या द्रावणात सोडलेली बैलाच्या अन्ननलिकेची नळी, नळीत सौम्य गंधकाम्ल आणि मधोमध जस्ताची कांडी. आतलं आणि बाहेरचं द्रावण एकमेकांत मिसळलं तर बॅटरी वाया जाते. पण दोघांच्या मधे काचेसारखी पक्की भिंत घातली तरी बॅटरी चालत नाही, कारण वीज वाहायची तर आयनांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणू-रेणूंना, इकडून तिकडे जाता आलं पाहिजे. म्हणजे भिंतही हवी आणि भिंतीत दारंही हवीत. असली भिंत त्या काळात कारखान्यात मिळत नव्हती, खाटकाकडे मिळत होती. पुढे अन्ननलिकेच्या जागी बिनझिलईच्या मातीचं भांडं आलं आणि बैल सुटला.

आपण बारावीत डॅनियल सेल शिकलो तेव्हा पुस्तकात बैल नव्हता. दोन चंचुपात्रं आणि त्यांना जोडणारी उलट्या यू-आकाराची नळी होती, सॉल्ट ब्रिज. त्या नळीत क्षाराबरोबर अगर-अगर भरतात हे आपण पाठ केलं. अगर म्हणजे लाल समुद्रशेवाळातून निघणारा पदार्थ, वाण्याकडे ‘चायना ग्रास’ म्हणून मिळतो तो. म्हणजे पुस्तकातून प्राणी गेला, तर त्याच्या जागी शेवाळ येऊन बसलं. परीक्षेत यावर प्रश्न यायचा तो ‘सॉल्ट ब्रिजची कार्ये लिहा’ असा, चार गुणांचा. शेवाळच का, हे कुणी विचारत नसे.

या सगळ्या प्रकाराला आज एक भारदस्त नाव आहे: बायोपॉलिमर इलेक्ट्रोलाइट. इलेक्ट्रोलाइट म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांमधला तो भाग, ज्यातून आयन प्रवास करतात. बायोपॉलिमर म्हणजे सजीवांनी तयार केलेले लांबच लांब साखळीचे रेणू. कापूस आणि कागदातलं सेल्युलोज, पिठातला स्टार्च, चामड्यातलं कोलॅजेन, कोळंबीच्या टरफलातलं कायटिन. ‘शेवाळापासून बॅटरी’, ‘खेकड्याच्या कवचापासून बॅटरी’ अशा बातम्या अधूनमधून आपल्या फोनवर येतात त्या याच विषयाच्या. बातमीचा सूर नेहमी एकच असतो, की हे आजवर कुणी केलं नव्हतं.

मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे या विषयात मी पाहुणाच आहे. पण गेलं वर्षभर शनिवार-रविवार यातलंच वाचतोय आणि माझं मत असं झालंय की बातमीचा सूर नेमका उलटा हवा. बॅटरीचा जन्मच बायोपॉलिमरमध्ये झाला. अपवाद आहे तो आपल्या खिशातल्या फोनच्या बॅटरीचा, आणि त्या अपवादाचं वय जेमतेम तीस-पस्तीस वर्षं आहे.

बॅटरीच्याही आधी एक मासा होता. टॉर्पेडो नावाचा, हात लावला की झटका देणारा. हा झटका विजेचाच का, यावर अठराव्या शतकात वाद चालू होता. १७७२ मध्ये जॉन वॉल्शनं प्रयोग करून तो विजेचाच असल्याचं सांगितलं, पण लोकांना पटेना. पाण्यात बुडालेला, सगळीकडून वाहकानं वेढलेला मासा वीज साठवणार कशी? तेव्हा हेन्री कॅव्हेंडिशनं एक खोटा मासा केला. कॅव्हेंडिश हा इतका लाजाळू माणूस की घरातल्या नोकरांशीही चिठ्ठ्यांतून बोलायचा. त्यानं पहिला मासा लाकडाचा बनवला. तो नीट चालला नाही, लाकडातून वीज खऱ्या माशाच्या अंगातून वाहते तशी वाहत नव्हती. मग त्यानं मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या जाड चामड्याचा मासा केला, त्याला लेडन जार जोडले आणि तो बरोबर खऱ्या माशासारखा झटके देऊ लागला. १७७६ मध्ये त्यानं हे छापलं. लाकूड की चामडं, सेल्युलोज की कोलॅजेन, यातलं विजेसाठी बरं काय, हा प्रश्न तेव्हाच कुणीतरी हातानं करून सोडवला होता. शब्द तेवढे नव्हते.

व्होल्टानं २० मार्च १८०० या तारखेचं पत्र रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सना पाठवलं, त्यात जगातल्या पहिल्या बॅटरीचं वर्णन आहे. त्या पत्रात तो आपल्या यंत्राची तुलना या टॉर्पेडो माशाच्या अवयवाशीच करतो. चांदीची चकती, जस्ताची चकती आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा चामडं. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. अशी चळत. शाळेत आपण चांदी आणि जस्त लक्षात ठेवतो, पुठ्ठा विसरतो. पण व्होल्टाच्या चळतीचं आयुष्य ठरवत होता तो पुठ्ठाच. वरच्या चकत्यांच्या वजनानं खालचे तुकडे पिळले जायचे, मिठाचं पाणी बाजूनं ओघळायचं, उरलेलं वाळायचं आणि खेळ संपायचा. लवकरच विल्यम क्रुकशँकनं चळत आडवी करून पेटीत ठेवली आणि मधल्या जागेत सरळ द्रव ओतला. पुठ्ठ्याला पहिली रजा मिळाली ती इथे.

‘इलेक्ट्रोलाइट’ हा शब्द त्यानंतरचा. फॅरेडेनं तो १८३४ मध्ये रूढ केला, ‘आयन’बरोबरच. आयन म्हणजे ग्रीकमध्ये ‘जाणारा’. आदल्या वर्षी त्यानं एक साधी पण फार महत्त्वाची गोष्ट नोंदवली होती: बर्फातून वीज वाहत नाही, तो वितळला की वाहते. पदार्थ तोच, रेणू तेच. फरक आहे तो रचनेचा. घट्ट जागेवर बसलेल्या रेणूंमध्ये ‘जाणाऱ्या’ला जायला वाट नाही. आज या विषयावरच्या प्रत्येक शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘विद्युत आणि संरचनात्मक गुणधर्म’ असे शब्द जोडीनं येतात, त्यामागचं कारण फॅरेडेच्या बर्फात आहे. रचना कळल्याशिवाय वीज कळत नाही.

मग घन पदार्थातून आयन जाणारच नाहीत का? जातात, आणि हे थॉमस ग्रॅहमनं १८६१ मध्ये दाखवलं. सरस, जिलेटिन, स्टार्च अशा चिकट मंडळींना त्यानं ‘कोलॉइड’ असं नाव दिलं, ग्रीकमधल्या सरसाच्या शब्दावरून. मीठ घट्ट जेलीतूनसुद्धा जवळजवळ पाण्यातल्याइतक्याच सहज पसरतं, हे त्याच्या लक्षात आलं. जेली हाताला घट्ट लागते, आयनाला मात्र ती पातळच असते. साखळ्यांचं जाळं पाण्याला वाहू देत नाही, पण जाळ्याची भोकं आयनाच्या मानानं मैदानाएवढी असतात. बॅटरीवाल्यांना नेमकं हेच हवं होतं: न सांडणारं पाणी.

ते मिळालं कुठे, तर स्वयंपाकघरात. ही माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८६६ मध्ये जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच इंजिनिअरनं जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराच्या द्रावणाची बॅटरी केली. ती चांगली होती, पण काचेच्या बरणीत पाणी घेऊन कुणी अंधारात चालू शकत नाही. १८८६ मध्ये जर्मनीत कार्ल गासनरनं नवसागराचं द्रावण प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये मुरवलं आणि जस्ताचंच डबडं केलं. साधारण त्याच सुमाराला जपानमध्ये याई साकिझोही कोरड्या सेलवर काम करत होता. पण प्लास्टर टिकलं नाही. त्याच्या जागी आलं गव्हाचं पीठ आणि मक्याचा स्टार्च.

कारखान्यात हे कसं चालायचं? नवसागर आणि झिंक क्लोराइडच्या पाण्यात पीठ कालवायचं. ते पातळ कालवण जस्ताच्या डबीत ओतायचं. त्यात मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बन पावडरची, मधे कार्बनची कांडी असलेली काळी गुंडी बसवायची. आणि मग ती डबी गरम पाण्यात धरायची. पीठ शिजतं. स्टार्चचे कण फुगतात, फुटतात, त्यातल्या साखळ्या पाण्यात पसरतात आणि गार होताना एकमेकींत अडकून पाण्याला धरून ठेवतात. आपण सुती साडीला जी खळ करतो तीच ही, फक्त खारवलेली. झिंक क्लोराइडची गंमत म्हणजे ते स्टार्चचे आपसातले बंध स्वतःच सैल करतं, त्यामुळे त्याचं प्रमाण वाढवलं तर पीठ कमी उष्णतेवर, कधी तर चुलीशिवायच आळतं.

म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर विकल्या गेलेल्या टॉर्च आणि रेडिओंच्या कोट्यवधी सेलांमध्ये शिजवलेलं पीठ होतं. शास्त्रज्ञ ज्याला आज ‘स्टार्च-आधारित जेल बायोपॉलिमर इलेक्ट्रोलाइट’ म्हणतील, ते कारखान्यातले कामगार डबीत ओतत होते. आणि तेव्हा स्टार्च म्हणजे नेमकं काय हेसुद्धा विज्ञानाला माहीत नव्हतं. सेल्युलोज वेगळं करून त्याला नाव देणारा आन्सेल्म पायेन १८३८ चा, पण हे पदार्थ म्हणजे हजारो कड्यांच्या साखळ्या आहेत असं हेर्मान श्टाउडिंगरनं ठामपणे मांडलं ते १९२० मध्ये, आणि त्यावर पुढची काही वर्षं नामांकित लोक त्याच्याशी भांडत होते. त्याला नोबेल मिळालं १९५३ मध्ये. पिठाचे सेल तोवर म्हातारे झाले होते.

आपल्याकडे गावात टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात आणि बॅटरीला ‘सेल’. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, ही घरोघरची विद्या. दाराच्या पायरीवर किंवा पत्र्यावर ओळीनं मांडलेले दोन-चार सेल तुमच्यापैकी काहींनी तरी पाहिले असतील. माझ्या इंग्लिश मीडियमच्या मित्रांना हे अंधश्रद्धेच्या खात्यातलं वाटतं. ते तसं नाही. अर्धवट उतरलेल्या सेलमध्ये आयनांची दाटी एका जागी झालेली असते, ते खळीतून हळूहळू सरकत असतात. ऊब मिळाली की आयनांची चाल वाढते, अडकलेली रसायनं थोडी पसरतात आणि विश्रांतीही मिळालेली असते. म्हणून सेल पुन्हा थोडा वेळ चालतो. बातम्या संपेपर्यंत तरी. तापमान वाढवलं की वाहकता वाढते, हा आलेख प्रत्येक प्रबंधात असतो. पत्र्यावरचे सेल म्हणजे तोच आलेख.

मग सेल पाझरायचा. टॉर्चच्या आत पांढरट-तपकिरी चिकटा यायचा, स्प्रिंग खाऊन टाकायचा. जस्ताची डबी हीच बॅटरीचं इंधन असल्यामुळे ती वापरता वापरता झिजून भोकं पडायची आणि आतली खारट खळ बाहेर यायची.

इथे ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ असं मानणाऱ्यांनी थोडं थांबावं. त्या पिठाच्या सेलमध्ये पारा असायचा. जस्त आतल्या आत गंजून वायू होऊ नये म्हणून पाऱ्याचा क्षार थोडासा मिसळत. अमेरिकेत बॅटरीतल्या पाऱ्यावर कायद्यानं बंदी यायला १९९६ साल उजाडलं. पीठ शंभर टक्के जैवविघटनशील होतं, पण उकिरड्यावर पडलेला सेल नव्हता. आणि भारतात हे सेल बनवणारी सर्वांत मोठी कंपनी होती युनियन कार्बाइड इंडिया, ‘एव्हरेडी’वाली. १९८४ साली भोपाळमध्ये वायू सुटला तो तिच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून, बॅटरीच्या नाही. पण लाल रंगाचा सेल हातात घेतला की मला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात, त्याला इलाज नाही.

पीठ गेलं कसं, हे थोडक्यात. आधी खळीच्या जाड थराऐवजी स्टार्च किंवा सेल्युलोजचा लेप दिलेला कागद आला. जागा वाचली, तेवढी काळी गुंडी मोठी करता आली. १९५० च्या दशकाच्या शेवटी लुईस उरीनं अल्कलाइन सेल आकाराला आणला. त्यातही जस्ताची भुकटी लगद्यासारखी धरून ठेवायला सेल्युलोजचा एक अवतार वापरला गेला. म्हणजे बायोपॉलिमर हटले नाहीत, फक्त पातळ होत गेले. तुमच्या चार्जरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्येही इलेक्ट्रोलाइटनं भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. व्होल्टाचा पुठ्ठा असा अजून कामावर आहे.

खरी फारकत झाली १९९१ मध्ये, सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली तेव्हा. लिथियमचं आणि पाण्याचं हाडवैर. सेल्युलोज, स्टार्च, कोलॅजेन ही सगळी पाण्याची माणसं, हवेतली दमटसुद्धा ओढून घेणारी. शिवाय लिथियम-आयनचा दाब चार व्होल्टच्या आसपास, तिथे पाणी टिकत नाही, फुटतं. त्यामुळे आत आलं सेंद्रिय द्रावक, त्यात लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट, आणि पुठ्ठ्याच्या जागी पेट्रोलियमपासून बनवलेला पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीनचा झिरझिरीत पडदा. उत्तम वाहकता, दर सेंटीमीटरला सुमारे ०.०१ सिमेन्स. एकच अडचण, ते द्रावक पेट घेतं. फोन फुगणं, स्कूटर जळणं या बातम्यांच्या मुळाशी बऱ्याचदा हा द्रव असतो.

द्रवच नको, असा विचार करणारे लोक सोनीच्याही आधीपासून होते. १९७३ मध्ये शेफील्डच्या फेंटन, पार्कर आणि राइट यांनी दाखवलं की पॉलिइथिलीन ऑक्साइड या प्लास्टिकमध्ये क्षार विरघळतात, आणि पुढे राइटनं त्यातून वीज वाहते हे मोजलं. १९७८ मध्ये फ्रान्सच्या मिशेल आर्मांनी हा पदार्थ बॅटरीत घाला असं सुचवलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: आयन धावतात ते या प्लास्टिकच्या शिस्तबद्ध, स्फटिकी भागातून नव्हे, तर विस्कळीत भागातून. हे समजायला सकाळची विरार लोकल पुरे. गर्दीत तुम्ही चालत नाही. शेजारचा खांदा वळवतो, पुढचा पाय सरकवतो, आणि तुम्ही न चालताच दाराकडे सरकता. पॉलिमरमधला आयन तसाच, एका ऑक्सिजनच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर. साखळ्या वळवळल्या तर तो हलणार. सगळे ओळीत ताठ बसले तर जागीच अडकणार. थंडीत वळवळ कमी होते, म्हणून हा पदार्थ खोलीच्या तापमानाला मंद असतो. पॅरिसमध्ये २०११ पासून सात-एक वर्षं ‘ऑटोलिब’ नावाच्या भाड्याच्या विजेच्या मोटारी धावल्या, त्यांच्या बॅटऱ्या याच जातीच्या होत्या. त्या चालाव्यात म्हणून गरम ठेवाव्या लागत.

मग कुणालातरी वाटलं, की ऑक्सिजन असलेल्या साखळ्याच हव्यात तर त्या निसर्गात ढिगानं आहेत. कायटिन १८११ मध्ये आंरी ब्राकोनोला अळंब्यात सापडलं होतं. १८५९ मध्ये शार्ल रुजेनं ते अल्कलीत उकळून त्याचं विद्राव्य रूप केलं, त्याला पुढे कायटोसान हे नाव पडलं. क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठात ए. के. अरोफ यांच्या गटानं १९९० च्या दशकात कायटोसानमध्ये क्षार घालून बॅटऱ्या करायला सुरुवात केली. ब्राझीलमध्ये साओ कार्लोसला आग्नेश्का पावलिका यांनी स्टार्च, जिलेटिन, अगर यांचे पापुद्रे केले, ते रंग बदलणाऱ्या काचांसाठी. आणि आपल्याकडे हे काम रुजलं तामिळनाडूत. कोइमतूरचे एस. सेल्वशेकरपांडियन आणि त्यांच्याबरोबरच्या मदुराईसारख्या ठिकाणच्या कॉलेजांतल्या गटांनी पेक्टिन, कॅरॅजीनन, अगर, सेल्युलोज अॅसिटेट आणि चिंचोक्यातलं पॉलिसॅकराइड, असं बरंच काही तपासलं.

आयआयटीत नाही, साध्या कॉलेजांत हे का झालं? माझ्या मते उत्तर पैशात आहे. लिथियमवर काम करायचं तर ओलावा नसलेली, आर्गॉन वायूनं भरलेली हातमोज्यांची पेटी लागते, ती लाखोंच्या घरात जाते. बायोपॉलिमरला काय लागतं? भुकटी, पाणी किंवा थोडं अॅसेटिक आम्ल, क्षार, ढवळणी, पेट्री डिश. मिश्रण ओता, दोन दिवस वाळू द्या, पापुद्रा सोलून काढा. वाळवणाचीच कृती ही. मग दोन धातूच्या चकत्यांत तो दाबून त्यावर वेगवेगळ्या वारंवारतेची वीज सोडायची. येणाऱ्या आलेखात एक अर्धवर्तुळ आणि एक तिरपी शेपटी असते, अर्धवर्तुळ जिथे आडव्या रेषेला टेकतं तो रोध. पापुद्र्याची जाडी भागिले रोध आणि क्षेत्रफळाचा गुणाकार, की आली वाहकता. क्ष-किरणांच्या आलेखात क्षार घातल्यावर टोकदार शिखरं बसकी आणि रुंद झाली, म्हणजे रचना विस्कटली, म्हणजे वाट मोकळी झाली. नुसत्या कायटोसानची वाहकता जवळपास शून्य. क्षार आणि ग्लिसरॉल घालत गेलं की ती लाखो पटींनी वाढून दहा-हजारांशापर्यंत, कधी हजारांश सिमेन्सपर्यंत पोचते.

माझी एक मैत्रीण कोकणातल्या एका कॉलेजात याच विषयावर पीएचडी करतेय, बंदरावरून येणाऱ्या कोळंबीच्या टरफलांपासून. माझं वाचन सुरू झालं ते तिच्यामुळे, तिची मोजमापं वाचणारा छोटा प्रोग्रॅम लिहून देताना. मार्चमधल्या आणि जुलैमधल्या तिच्या आकड्यांत काही पटींचा फरक होता. पापुद्रा तोच, क्षार तोच. जुलैत हवेतलं पाणी पापुद्र्यात जाऊन बसत होतं आणि वाहकता फुगत होती. तिचे वरिष्ठ म्हणाले, जुलैचे आकडे छापा, जास्त छान दिसतात. तिनं त्याऐवजी डेसिकेटर आणि आर्द्रता मोजणारं दोनशे रुपयांचं सेन्सर वापरून सगळं पुन्हा मोजलं. तिचे चार महिने गेले आणि आकडे लहान झाले.

या क्षेत्राची दुखरी जागा हीच आहे असं मला वाटतं. शेकडो निबंध एकाच साच्याचे आहेत: पापुद्रा, क्ष-किरण, अर्धवर्तुळ, सर्वोच्च वाहकता, समाप्त. मोजलेली वीज नेमकी कुणाची, घातलेल्या क्षाराच्या आयनांची की उरलेल्या पाण्या-आम्लातल्या प्रोटॉनची, हे बरेच जण वेगळं काढत नाहीत. बॅटरी करून शंभर वेळा चार्ज करणारे तर आणखी थोडे. शिवाय टरफल हा काही कारखान्यातला माल नाही. कोळंबीची जात बदलली, अल्कलीत उकळण्याची वेळ बदलली की साखळ्या बदलतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक इन्स्टॉलला लायब्ररीची आवृत्ती वेगळी.

तरीही दोन कामांनी मला पुन्हा वाचायला लावलं, दोन्ही अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या लियांगबिंग हू यांच्या गटाची. २०२१ मध्ये त्यांनी सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये तांब्याचे आयन बसवले. तांब्यानं साखळ्या एकमेकींपासून थोड्या दूर सारल्या आणि मधल्या वाटेनं लिथियम धावू लागलं. साखळीच्या दिशेनं, खोलीच्या तापमानाला, दर सेंटीमीटरला ०.००१५ सिमेन्स. इथे आयन साखळीच्या वळवळीवर अवलंबून नाहीत, त्यांना स्वतंत्र गल्ली आहे. गर्दीतून सरकणं नाही, दोन गाड्यांमधल्या फलाटावरून चालत जाणं आहे. दुसरं काम २०२२ चं: कायटोसान आणि जस्त. लिथियम सोडूनच द्यायचं, पाण्याशी भांडण न करणारं जस्त घ्यायचं, म्हणजे पुन्हा गासनरच्या डबीकडे. जस्त चार्ज होताना काट्यांसारखं वाढतं आणि पडदा फाडतं, म्हणून जस्ताच्या रिचार्ज होणाऱ्या बॅटऱ्या टिकत नाहीत. कायटोसानच्या जाळ्यात ते सपाट षटकोनी पापुद्र्यांत बसलं. हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज करूनही दर फेरीला ९९.७ टक्के विद्युतभार परत मिळत होता. आणि हा इलेक्ट्रोलाइट मातीत पाच महिन्यांत विरतो, मागे जस्त उरतं, ते गोळा करता येतं.

पाच महिने हा आकडा ऐकायला छान आहे. पण ज्याच्या छपरावर सौरपॅनल आहे त्याला दहा वर्षं न कुजणारी बॅटरी हवी असते. मातीत विरावं आणि डब्यात विरू नये, या दोन्ही मागण्या एकाच साखळीकडे आहेत. जुन्या कारखान्यांनी हा पेच पीठ जस्ताच्या डबीत बंद करून सोडवला होता आणि डबी झिजली की पेच पुन्हा बाहेर यायचा. आता डबी कशाची करायची यावर या निबंधांत फारसं काही नसतं. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी सेल परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आमच्या सोसायटीत मात्र ओला, सुका आणि ‘घातक’ असे तीन डबे आहेत आणि टीव्हीच्या रिमोटचे सेल अजूनही सुक्यात जातात.

मैत्रिणीनं कोळंबी तूर्त बाजूला ठेवलीय. सध्या चिंचोके चालू आहेत. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, आतला पांढरा गर दळायचा, पाण्यात शिजवायचा. धनगर घोंगडीला जी चिंचोक्याची खळ देतात तिची कृती तिनं प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांकडून घेतली, कारण निबंधात दिलेल्या पद्धतीनं गुठळ्या होत होत्या. मामांचं म्हणणं, चिंचोके रात्रभर भिजवा आणि खळ एकाच दिशेनं ढवळा. पहिला पापुद्रा सोलताना फाटला. दुसरा निघाला, ०.१२ मिलिमीटर जाडीचा, फिकट तपकिरी. अजून मोजायचा आहे, ती पाऊस थांबायची वाट बघतेय.